क्लिव्हडनचे पाहुणे

क्लिव्हडनच्या फाटकातून आत गेल्यावर घर लगेच दिसत नाही. गाडी झाडीतून जाते, मग संगमरवराचं एक प्रचंड कारंजं येतं, त्यात शिंपल्याभोवती प्रेमाने बेभान झालेल्या स्त्रिया. तिथून वळलं की समोर एकदम सरळसोट रस्ता आणि त्याच्या टोकाला घर. नाटकाचा पडदा वर जावा तसं. ज्याने ही वाट आखली, त्याला पाहुण्याने नेमकं कुठे ‘अहाहा’ म्हणायचं हे पक्कं ठाऊक होतं. मीही तिथेच म्हटलं.

माझी भाची स्लाउमध्ये राहते. तिथून हे घर गाडीने फार लांब नाही. ‘मावशी, तू जन्मभर त्या वुडहाउसची घरं वाचलीस, आता एकात बसून चहा तरी पी,’ असं म्हणून तिने मला तिथे नेलं. तिचं खोटं नव्हतं. माझ्या पिढीच्या बऱ्याच मराठी वाचकांनी इंग्लंडमधलं खेड्यातलं मोठं घर पाहण्याआधी वाचलं होतं. वाचनालयातल्या जीर्ण प्रतींमधून वुडहाउस, अगाथा ख्रिस्ती, मग कधीतरी जेन ऑस्टिन. पुढे दूरदर्शन गेलं, वाहिन्या आल्या आणि ‘डाउनटन अ‍ॅबी’ने उरलेली कसर भरून काढली. त्यामुळे अशा घरात शिरताना आपण परक्या ठिकाणी आलो असं वाटत नाही. उलट, ओळखीच्यांकडे आल्यासारखं वाटतं. या लेखाचा विषय ती ओळखच आहे. ती कुणी करून दिली, कुठल्या खुर्चीवरून करून दिली आणि ती करून घेताना आपण काय पाहायचं सोडून दिलं?

घराशेजारी शंभर फूट उंच घड्याळाचा मनोरा आहे. हेन्री क्लटन या वास्तुशिल्पकाराने तो १८६१मध्ये उभारला. माथ्यावर सोनेरी मुलाम्याची मूर्ती, अंगावर नक्षी, बाजूने उघडा वळणदार जिना. पाहणाऱ्याला तो केवळ हौसेचा वाटतो. खरं तर ती पाण्याची टाकी आहे. घराला लागणारं पाणी उंचावर साठवायला हवं होतं, पण पाणी साठवावं लागतं हे दिसायला नको होतं. म्हणून टाकीला घड्याळ आणि देवता चढवली. पुढच्या दोन तासांत मला घरात जे जे दिसलं, ते समजायला हा मनोरा फार उपयोगी पडला.

०००

घराची हकिगत थोडक्यात सांगते, कारण ती नुसती सांगितली तरी कादंबरी होते. थेम्स नदीवरच्या उंच कड्यावर बकिंगहॅमच्या दुसऱ्या ड्यूकने १६६०च्या दशकात इथे पहिलं घर बांधायला घेतलं. अठराव्या शतकात इथे प्रिन्स ऑफ वेल्स फ्रेडरिक भाड्याने राहत होता. त्याच्यासाठी १ ऑगस्ट १७४० रोजी इथल्या बागेत ‘आल्फ्रेड’ नावाचा संगीत-नाट्यप्रयोग झाला आणि त्यात ‘रूल, ब्रिटानिया’ हे गाणं पहिल्यांदा गायलं गेलं. १७९५मध्ये घर जळालं. पुन्हा बांधलं, ते १८४९मध्ये जळालं. आजचं घर १८५१चं, सदरलंडच्या ड्यूकसाठी चार्ल्स बॅरीने बांधलेलं. लंडनचं पार्लमेंट बांधणारा हाच बॅरी. घराच्या माथ्याभोवती एक लॅटिन मजकूर कोरलेला आहे, तो ग्लॅडस्टन यांनी लिहून दिला. म्हणजे साम्राज्याचं गाणं बागेत, साम्राज्याच्या संसदेचा वास्तुकार भिंतीत आणि साम्राज्याचा भावी पंतप्रधान कपाळावर.

१८९३मध्ये विल्यम वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टर या अमेरिकन धनाढ्याने हे घर विकत घेतलं. १९०६मध्ये ते मुलाला लग्नाची भेट म्हणून दिलं. सून व्हर्जिनियात जन्मलेली नॅन्सी. हीच लेडी अ‍ॅस्टर १९१९मध्ये ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात आसन घेणारी पहिली स्त्री ठरली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२मध्ये, अ‍ॅस्टर कुटुंबाने घर नॅशनल ट्रस्टला दिलं आणि स्वतः तिथेच राहत राहिलं. १९६६नंतर कुटुंब निघून गेलं. काही वर्षं अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने इथे आपले विद्यार्थी ठेवले. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून इथे हॉटेल आहे. मालकी ट्रस्टची, घर हॉटेलकडे भाडेपट्ट्याने, बाग तिकीट काढून सगळ्यांना खुली.

अशा घरांबद्दल इंग्रजीत लिहिलेलं बरंच काही एका ठरावीक सुरात असतं, आणि तो सूर शोकाचा असतो. एके काळी घर होतं, आता हॉटेल झालं, काय दिवस आले! शेतीचं उत्पन्न १८७०नंतर घसरलं, वारसाकर वाढला, युद्धांत घरं सरकारने ताब्यात घेतली, नोकर मिळेनासे झाले आणि शेकडो घरं पाडली गेली. १९७४मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये या पाडापाडीवर एक प्रदर्शन भरलं, ते फार गाजलं. त्या सुरात हॉटेल होणं म्हणजे मरण टळलं, पण अब्रू गेली.

क्लिव्हडनला हा सूर लागू पडत नाही. ज्या वर्षी विल्यम वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टरने हे घर घेतलं, त्याच वर्षी, १८९३मध्ये, न्यूयॉर्कमध्ये त्याचं वॉल्डॉर्फ हॉटेल उघडलं. वडिलांच्या घराच्या जागेवर बांधलेलं, काकूच्या घराला खेटून. शेजारी चुलतभावाने दुसरं हॉटेल बांधलं आणि दोन्ही मिळून वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया झालं. अ‍ॅस्टर घराण्याचा पैसा आधी फरच्या व्यापारातला, मग न्यूयॉर्कच्या जमिनींचा आणि भाड्यांचा. मूळपुरुष जॉन जेकब अ‍ॅस्टरने १८१६च्या सुमारास काही काळ तुर्की अफूही चीनला पाठवली होती. म्हणजे खोल्या भाड्याने देऊन मिळालेल्या पैशाने हे घर घेतलं गेलं, आणि शेवटी त्याच्या खोल्या भाड्याने दिल्या जाऊ लागल्या. इथे अब्रू गेली कुठे? घर आपल्या धंद्याकडे परत आलं, एवढंच.

आतली जेवणाची खोलीही याची साक्ष देते. तिच्या भिंतींवरचं अठराव्या शतकातलं कोरीव सोनेरी लाकूडकाम पॅरिसजवळच्या आन्येर इथल्या प्रासादातून काढून आणलेलं आहे. बागेतला दगडी कठडा रोमच्या बोर्गेझे व्हिलामधून विकत आणलेला. ‘अस्सल जुनं इंग्लिश घर’ म्हणून आपण जे डोळे भरून पाहतो, ते एका अमेरिकनाने युरोपभर खरेदी करून जमवलेलं आहे. आपण कशाला अस्सल म्हणतो, हे ठरवणारा माणूसही गिऱ्हाईकच होता.

०००

आम्ही चहा घेतला तो ग्रेट हॉलमध्ये. लाकडी तावदानांच्या काळपट भिंती, दगडी शेकोटी, चिलखतं, युद्धकलेची भलीमोठी भिंतचित्रं विणलेले जाजम, आणि जॉन सिंगर सार्जंटने काढलेलं नॅन्सी अ‍ॅस्टरचं चित्र. ती मागे वळून आपल्याकडे बघते आहे, जणू आपण आत्ताच आलो आणि तिला कुणीतरी वर्दी दिली. चहा आणणारी मुलं अदबशीर आणि प्रेमळ होती. त्यांच्याबद्दल तक्रार करावी असं काही नाही. माझं म्हणणं हॉटेल नावाच्या वाङ्मयप्रकाराबद्दल आहे.

होय, वाङ्मयप्रकार. जुन्या घराचं हॉटेल झालं की त्याला स्वतःची गोष्ट सांगावी लागते, कारण पाहुणा झोपण्यापुरते पैसे देत नाही, गोष्टीत झोपण्याचे देतो. त्या गोष्टीचे काही नियम असतात. ती लहान तुकड्यांत असावी. तिच्यात नावं असावीत आणि ती मोठी असावीत: चर्चिल, शॉ, चॅप्लिन. थोडा चावटपणा चालेल, नव्हे, असावाच. आणि ती ऐकून कुणाची झोप उडू नये.

चावटपणा क्लिव्हडनकडे भरपूर आहे. बकिंगहॅमच्या ड्यूकने १६६८मध्ये आपल्या प्रेयसीच्या नवऱ्याशी, श्रुझबरीच्या अर्लशी, तलवारीचं द्वंद्व केलं. अर्लला वर्मी घाव बसला आणि दोन महिन्यांनी तो मेला. आज घराजवळच्या हिरवळीत ती तलवार आणि १६६८ हा आकडा आखलेला आहे. लोक तिथे उभे राहून हसत फोटो काढतात. साडेतीनशे वर्षांत खुनाचा ताटवा झाला.

दुसरी गोष्ट इतकी जुनी नाही. जुलै १९६१मधल्या एका शनिवारी रात्री इथल्या पोहण्याच्या तलावापाशी युद्धमंत्री जॉन प्रोफ्युमो यांची क्रिस्टीन कीलरशी गाठ पडली. ती एकोणीस वर्षांची होती. तिला तिथे आणणारा स्टीव्हन वॉर्ड हा अस्थितज्ज्ञ नदीकाठच्या स्प्रिंग कॉटेजमध्ये नाममात्र भाड्याने राहत असे. तिसरे लॉर्ड अ‍ॅस्टर त्याचे मित्र आणि रुग्ण. त्या आठवड्याअखेरीस घरात उतरलेल्या पाहुण्यांत पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष अयुब खानही होते. पुढचं सगळ्यांना माहीत आहे: सोव्हिएत नाविक अधिकारी इवानोव्हशीही कीलरचे संबंध, प्रोफ्युमो यांचं मार्च १९६३मध्ये संसदेत खोटं बोलणं, जूनमधला राजीनामा.

त्यापुढचं मात्र कमी सांगितलं जातं. स्टीव्हन वॉर्डवर स्त्रियांच्या अनैतिक कमाईवर जगल्याचा खटला भरला गेला. ज्या मोठ्या लोकांना त्याने खूश ठेवलं होतं, त्यांच्यापैकी कुणी त्याच्या बाजूने साक्ष द्यायला उभं राहिलं नाही, लॉर्ड अ‍ॅस्टरही नाही. निकालाआधी त्याने झोपेच्या गोळ्या घेतल्या. बेशुद्धीत असताना तो दोषी ठरला आणि ३ ऑगस्ट १९६३ रोजी मेला. कीलरला वेगळ्या एका प्रकरणात खोट्या साक्षीसाठी नऊ महिन्यांची शिक्षा झाली. प्रोफ्युमो यांनी उरलेलं आयुष्य लंडनच्या गरीब वस्तीत समाजसेवा केली आणि त्यांना पुन्हा मान मिळाला. कीलरला तो जन्मभर मिळाला नाही.

तलाव आज हॉटेलच्या स्पाचा भाग आहे. स्प्रिंग कॉटेज राहायला मिळतं, आता नाममात्र भाड्याने नाही. यात कुणी काही लपवलेलं नाही. उलट, भानगड हीच जाहिरात आहे. पण भानगड म्हणून सांगितल्यावर तिच्यातला वर्ग गळून पडतो. कोण तलावातून बाहेर पडून कोरडा झाला आणि कोण बुडालं, हा प्रश्न उरत नाही. उरतो एक निळा तलाव आणि किंचित गुदगुली. मनोऱ्यात पाणी लपवलं होतं. इथे पाणी उघडंच आहे. लपलं आहे ते त्यात बुडालेलं माणूस.

०००

प्रोफ्युमो प्रकरणाच्या आधी हे घर आणखी एका कारणासाठी बदनाम होतं. १९३७मध्ये क्लॉड कॉकबर्न या पत्रकाराने ‘द वीक’ नावाच्या आपल्या पत्रकातून ‘क्लिव्हडन सेट’ हा शब्द रूढ केला. या घरात शनिवार-रविवारी जमणारे बडे लोक हिटलरशी जुळवून घेण्याचं धोरण शिजवतात, असा त्याचा आरोप. इतिहासकारांनी पुढे दाखवून दिलं की तो कट वगैरे नव्हता. घरात विरुद्ध मतांचे लोकही येत. तरी जुळवून घ्यावं असं मानणारे वजनदार लोक इथे नेहमी येत हे खरंच, आणि यजमानीणबाईंचे ज्यूंबद्दलचे पूर्वग्रह लपून राहिलेले नाहीत. पहिली स्त्री-खासदार म्हणून तिचा मान खोटा नाही. अठरा वर्षांखालच्यांना दारू विकू नये हा १९२३चा कायदा तिने आणला. स्वतः ती दारूला शिवत नसे, त्यामुळे तिच्या घरात आज थाटलेला बार तिला काय वाटला असता याची कल्पना करवत नाही. माणसं अशीच असतात, एका चित्रात न मावणारी.

पण या घरात नेहमी येणाऱ्यांमध्ये मला एका माणसाची खोली शोधायची होती. चर्चिल किंवा चॅप्लिनची नव्हे. फिलिप कर, म्हणजेच अकरावे मार्क्वेस ऑफ लोथियन यांची.

मराठी वाचकाला हे नाव ओळखीचं वाटेल, पण ते क्लिव्हडनमुळे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रांत ‘लोथियन समिती’ येते. दुसऱ्या गोलमेज परिषदेनंतर हिंदुस्थानात मताचा अधिकार कुणाला द्यावा हे ठरवायला १९३२मध्ये जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष हे लोथियन. आंबेडकर त्या समितीचे सदस्य होते. समिती प्रांतोप्रांती हिंडली. काही प्रांतांतून तर उत्तर आलं की आमच्याकडे अस्पृश्य जवळजवळ नाहीतच. अस्पृश्य कोण आणि किती, या प्रश्नावर आंबेडकरांनी १ मे १९३२ रोजी आपलं वेगळं टिपण जोडलं. समितीने मतदारांची संख्या काही पटींनी वाढवण्याची शिफारस केली, पण सर्व प्रौढांना मत ही मागणी व्यवहार्य नाही म्हणून बाजूला ठेवली. मालमत्ता आणि शिक्षण हे मुख्य निकष राहिले. त्याच वर्षी पुढे जातीय निवाडा आला, येरवड्यातलं उपोषण झालं, पुणे करार झाला.

हेच लोथियन नॅन्सी अ‍ॅस्टरचे अगदी जवळचे मित्र. दोघेही ख्रिश्चन सायन्स पंथाचे. राउंड टेबल या साम्राज्याचा विचार करणाऱ्या गटाची माणसं या घरात नेहमी येत आणि त्यांत लोथियन यांच्यासोबत लायोनेल कर्टिस असत. आपल्याकडे १९१९च्या सुधारणांनी जी द्विदल राज्यपद्धती आली, तिच्या कल्पनेशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते हेच कर्टिस. हिंदुस्थानचे निर्णय क्लिव्हडनच्या जेवणाच्या टेबलावर झाले असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. मी एवढंच म्हणते की आपल्या आजोबा-पणजोबांना मत असावं का, हे ज्यांच्या हाती होतं, ती माणसं विसाव्याला इथे येत. शेकोटीजवळची जी जागा मला मऊ वाटली, ती कुणाच्या बसण्याने मऊ झाली हे कळणं माझा हक्क आहे.

याहून विलक्षण गोष्ट पुढे आहे. १९३४मध्ये याच लोथियन यांनी नॅशनल ट्रस्टच्या सभेत भाषण करून सुचवलं की ही मोठी घरं करांच्या ओझ्याखाली नष्ट होत आहेत, ती वाचवायला काही योजना हवी. त्यातून १९३७चा कायदा आणि ‘कंट्री हाउस स्कीम’ जन्मली. मालकाने घर आणि त्याच्या देखभालीपुरता निधी ट्रस्टला द्यायचा, त्यावरचा कर वाचवायचा आणि कुटुंबाने तिथेच राहायचं. लोथियन यांनी स्वतःचं ब्लिकलिंग हॉल हे घर मृत्युपत्राने ट्रस्टला दिलं. दोन वर्षांनी अ‍ॅस्टरांनी क्लिव्हडन दिलं. म्हणजे मी ज्या घरात चहा पीत होते, ते मला पाहायला शिल्लक राहिलं त्याच्या मुळाशी हाच माणूस.

आता ही दोन कामं शेजारी ठेवून पाहा. अवघ्या दोन वर्षांच्या अंतराने एकच माणूस एका देशात मालमत्ता नसलेल्यांपैकी कितींना मत देता येईल याचा हिशेब करतो, आणि दुसऱ्या देशात मालमत्ता असलेल्यांचं घर कसं टिकवता येईल याची तरतूद. तो दुष्ट होता असं नाही. १९३५मध्ये हिटलरला भेटून आल्यावर त्याने गैरसमज करून घेतला आणि पुढे तो सुधारलाही. वॉशिंग्टनमध्ये राजदूत असताना ब्रिटनला अमेरिकेची मदत मिळवण्यासाठी तो झटला आणि १९४०च्या डिसेंबरमध्ये, पंथाच्या श्रद्धेपायी डॉक्टरी उपचार नाकारून, मेला. तो चांगल्या मनाचा माणूस होता आणि त्याला घरं मनापासून आवडत. मला जे सतावतं ते हेच. या घराची मोहिनी आणि त्या समितीचा संथ, सभ्य, ‘अजून नाही’ म्हणणारा सूर, हे दोन्ही एकाच स्वभावातून येतात.

हॉटेल नावाच्या गोष्टीत या माणसाला जागा होणं कठीण आहे. त्याने द्वंद्व केलं नाही, तलावात कुणाच्या मागे धावला नाही. त्याने फक्त धोरणं ठरवली. धोरणाचा ताटवा होत नाही.

०००

पाहुण्याच्या खुर्चीवरून न सांगितलेली क्लिव्हडनची गोष्ट हवी असेल तर रोझिना हॅरिसनकडे जावं लागतं. यॉर्कशरच्या खेड्यातली ही मुलगी. जग पाहायचं होतं आणि पैसे नव्हते, म्हणून तिने ठरवून शिवणकाम आणि फ्रेंच शिकून मोठ्या बायकांची खासगी दासी होण्याचा मार्ग धरला. १९२८मध्ये ती अ‍ॅस्टरांकडे आली. मग पस्तीस वर्षं, लेडी अ‍ॅस्टर १९६४मध्ये वारेपर्यंत, तिच्या सेवेत राहिली. १९७५मध्ये तिचं ‘रोज: माय लाइफ इन सर्व्हिस’ आलं. त्यात हे घर आतून दिसतं: कपडे, दागिने, गाड्या, सामानाच्या पेट्या, पाहुण्यांचे दिवस, आणि सगळ्यांवर नजर ठेवणारे बटलर एडविन ली. मुख्य म्हणजे त्यात भांडणं आहेत. मालकीण टोचून बोलते, रोझिना ऐकून घेत नाही, आणि शेवटी दोघींचं एकमेकींवाचून पानही हलत नाही.

पुस्तक वाचताना मौज येते, पण ते भाबडेपणाने वाचू नये. ही मोलकरणीची गोष्ट छापली गेली ती मालकिणीच्या नावामुळे. भांडणांना विनोदाचा रंग दिला आहे, पगाराचा आणि म्हातारपणाचा विचार कडेकडेने येतो. तरीही हॉटेल जे सांगू शकत नाही ते या पुस्तकात एका गोष्टीमुळे उतरतं. रोझिनाला प्रत्येक वस्तूचं वजन माहीत आहे. पाहुण्याला पेटी दिसते, तिला ती भरावी लागते.

याच्या अगदी उलट टोकाला काझुओ इशिगुरोचा स्टीव्हन्स आहे. ‘द रिमेन्स ऑफ द डे’ या १९८९च्या कादंबरीतला हा बटलर मालकाशी कधीच भांडत नाही. त्याचे लॉर्ड डार्लिंग्टन काल्पनिक, पण ते ज्या वातावरणातून आले ते क्लिव्हडनसारख्या घरांचं. सद्हेतूने जर्मनीशी सलोखा करू पाहणारे, आणि त्या भरात घरातल्या दोन ज्यू मोलकरणींना काढून टाकणारे. स्टीव्हन्स त्या मुलींना निरोप सांगतो आणि कामाला लागतो. युद्धानंतर घर फॅरडे नावाच्या अमेरिकनाने विकत घेतलं आहे. एके काळी नोकरांनी भरलेलं घर आता चार माणसांत चालतं. एक पाहुणी दगडी कमान पाहून ती नक्कल असावी म्हणते आणि स्टीव्हन्सला विचारते, तू खरंच लॉर्ड डार्लिंग्टनकडे होतास का? तो ‘नाही’ म्हणतो. मग मालक वैतागतो. त्याने अस्सल घराचे आणि अस्सल बटलरचे पैसे मोजले आहेत!

हॉटेल झालेल्या घरांबद्दल याहून नेमकं काही कुणी लिहिलेलं मला माहीत नाही, आणि या कादंबरीत हॉटेल नाहीच. नव्या मालकाला भूतकाळ हवा आहे, पण प्रमाणपत्र म्हणून. स्टीव्हन्सला तो नाकारावासा वाटतो, कारण त्याला त्याचं ओझं माहीत आहे. दोघांनाही तो आहे तसा नको आहे.

१९९३मध्ये या कादंबरीवर मर्चंट-आयव्हरींनी चित्रपट केला. इस्माइल मर्चंट मूळचे मुंबईचे, सेंट झेवियर्सचे विद्यार्थी, आणि पटकथा रूथ प्रवर झाबवाला यांची, ज्यांनी दिल्लीत उमेदीची वर्षं काढली. म्हणजे इंग्लिश घराचं जे देखणं रूप जगाने पडद्यावर पाहिलं, ते घडवण्यात आपल्याकडच्या वाटांनी गेलेल्या माणसांचा मोठा हात होता. चित्रपट उत्तमच आहे. पण त्यात एक बदल केला आहे. घर फॅरडे घेत नाही. १९३०च्या दशकात त्याच घरातल्या परिषदेत ‘तुम्ही हौशी लोक आहात’ असं सुनावणारा अमेरिकन राजकारणी लुईस घेतो. घर शहाण्या माणसाच्या हाती पडतं आणि आपल्याला हायसं वाटतं. कादंबरी ते हायसं वाटू देत नाही. शिवाय पडद्यावर डार्लिंग्टन हॉलचं बाहेरचं रूप म्हणून दिसतो तो डिरम पार्क. तो बांधला विल्यम ब्लॅथवेट या वसाहतींच्या महसुलावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याने. नॅशनल ट्रस्टने सप्टेंबर २०२०मध्ये वसाहतवाद आणि गुलामगिरीशी संबंध असलेल्या आपल्या ९३ स्थळांचा अहवाल काढला, त्यात डिरम होताच. त्या अहवालावर काही खासदार आणि वर्तमानपत्रं इतकी खवळली की जणू कुणी दरोडा घातला. घड्याळाच्या मनोऱ्यात टाकी आहे एवढंच तर ट्रस्ट म्हणत होता.

०००

मग असं घर हॉटेल व्हावं की होऊ नये? मला हॉटेलवर राग धरता येत नाही. छप्पर गळतं, त्याला पैसा लागतो, आणि तो रात्रीच्या भाड्यातून येत असेल तर येऊ दे. ज्या बागेत पूर्वी निमंत्रणाशिवाय पाऊल टाकता आलं नसतं, तिथे त्या दिवशी स्लाउची आणि मेडनहेडची मुलं हुंदडत होती, त्यांतली कितीतरी आपल्यासारख्या चेहऱ्यांची. कड्याच्या उतारावर पहिल्या महायुद्धात इथे असलेल्या कॅनेडियन इस्पितळातल्या सैनिकांची चाळीसेक थडगी आहेत, तिथेही एक शिखांचं कुटुंब थांबून नावं वाचत होतं. घराला मिळालेले सगळ्यांत चांगले पाहुणे कदाचित हेच.

राग येतो तो माझ्या वाचनाचा. इतकी वर्षं मी ही घरं वाचली आणि प्रत्येक वेळी स्वतःला पाहुण्यांत बसवलं. वुडहाउसच्या बटलरवर मी हसले, त्याच्या पगाराचा विचार केला नाही. ख्रिस्तीच्या वाचनालयात प्रेत सापडलं तेव्हा खुनी कोण हे शोधलं, गालिचा कुणी धुतला हे नाही. आणि लोथियन समितीबद्दल शाळेपासून ऐकत असूनही त्या नावाच्या माणसाला एक खुर्ची, एक आवडता कोपरा, एक मैत्रीण होती, हे मला सुचलंही नाही. कादंबऱ्यांमधलं इंग्लंड आणि चरित्रांमधलं इंग्लंड मी दोन वेगळ्या कपाटांत ठेवलं होतं. या घरात ती दोन्ही एकाच शेकोटीपाशी बसलेली निघाली.

परतताना भाचीने मनोऱ्याचा फोटो काढला. मी म्हटलं, ‘ती पाण्याची टाकी आहे.’ तिचा विश्वास बसेना. तिने फोनवर शोधलं, खात्री केली, हसली. मग गाडीत बसल्यावर विचारलं, ‘मावशी, पुढच्या वेळी परत यायचं का इथे?’

‘यायचं की,’ मी म्हटलं. ‘पण त्याआधी रोझिनाचं पुस्तक वाच. मी पाठवते.’